एक जनुक, एक सत्र: संगणकशास्त्राच्या मुलांना बायोइन्फर्मेटिक्स शिकवताना

पहिल्या तासाला पेशीचं चित्र काढू नका. दहावीनंतर मुलांनी जे सोडून दिलं, ते सगळं फळ्यावर परत दिसलं की मागचे दोन बाक मनानं वर्गाबाहेर जातात, आणि त्यांना परत आणायला अख्खं सत्र पुरत नाही. बायोइन्फर्मेटिक्स, म्हणजे जीवशास्त्राच्या डेटावर संगणकानं काम करणं, शिकवताना मी पहिली दोन वर्षं हेच केलं. आधी चार आठवडे जीवशास्त्र, मग अल्गोरिदम, अशी आखणी होती. जीवशास्त्र संपेपर्यंत मुलं कंटाळलेली असायची आणि अल्गोरिदम सुरू होईपर्यंत जीवशास्त्र विसरलेली असायची. दोन्ही विषय शिकवून झाले, पण एकमेकांना भेटलेच नाहीत.

आता मी सत्रभर एकच जनुक शिकवतो. त्याच जनुकाची फाइल उघडायची, तेच दुसऱ्याशी जुळवायचं, तेच शोधायचं, त्याचेच तुकडे करून परत जोडायचे. जीवशास्त्र लागेल तेव्हा, लागेल तेवढंच. नागपुरात तिसऱ्या वर्षाच्या इलेक्टिव्हला साठ मुलं, आठवड्याला तीन तास थिअरी, वीस-वीसच्या बॅचचं दोन तासांचं प्रॅक्टिकल, एवढ्यात हे बसतं. ज्या शिक्षकाला हा विषय पहिल्यांदाच हातात मिळाला आहे, त्याच्यासाठी ही पद्धत पायरी-पायरीनं लिहितो आहे.

जनुक कोणतं घ्यावं

मी बीटा ग्लोबिनचं, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीचं, जनुक घेतो. डेटाबेसात त्याचं नाव एचबीबी. जनुकाचा मजकूर डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो. त्यातला प्रथिन बनवणारा भाग फक्त ४४४ अक्षरांचा, एका पानावर मावणारा. मानवाच्या ११ व्या गुणसूत्रावर ते बसलेलं आहे. त्यातल्या एका अक्षराच्या बदलानं सिकलसेल होतो: जीएजी हा कोडॉन, म्हणजे तीन अक्षरांचा गट, जीटीजी होतो, प्रथिनाच्या साखळीत ग्लुटामिक या अमिनो आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं, आणि ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली हा रेणूचा आजार असल्याचं दाखवलं. एक अक्षर बदललं की माणूस आजारी पडतो, हे स्ट्रिंग प्रोसेसिंग शिकलेल्या मुलाला दुसऱ्यांदा समजवावं लागत नाही.

विदर्भात हे जनुक निवडण्याचं कारण वेगळं सांगायला नको. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाहून आलेल्या मुलांनी हा शब्द घरात नाही तर गावात ऐकलेला असतो. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीबाहेर बसलेली कुटुंबं पाहिलेली असतात.

पण इथेच सर्वांत जास्त जपायचं आहे. पहिल्या वर्षी मी वर्गात सहज विचारून बसलो, "कोणाच्या घरी सिकलसेलचं कोणी आहे का?" वर्ग गप्प झाला. तास संपल्यावर एक मुलगी एकटी थांबली आणि म्हणाली, "सर, तुम्ही विचारलं तेव्हा मी खाली बघून राहिली." पुढे ती काही बोलली नाही. तिला काय वाटलं असेल हे कळायला मला तो प्रश्न विचारायच्या आधी पाच मिनिटं विचार करणं पुरलं असतं. साठजणांच्या वर्गात वाहक, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असणारी मुलं, असणारच हे धरून चाला आणि कोणालाही काहीही विचारू नका. कोणाचं रक्त, थुंकी, रिपोर्ट वर्गात येता कामा नये. आजाराबद्दल बोलताना कोणत्याही जाती-जमातीचं नाव उदाहरण म्हणून घेऊ नका. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, आणि दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, या दोन गोष्टी मात्र स्वच्छ सांगा. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन १ जुलै २०२३ रोजी सुरू झालं, सरकारी दवाखान्यात तपासणी होते, हेही सांगा. ज्याला गरज असेल तो ऐकून घेईल.

सत्राआधीची तयारी

दोन कामं. पहिलं, शहरातल्या एखाद्या सायन्स कॉलेजच्या बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेक्नॉलॉजी विभागातला एक शिक्षक मित्र करा. सत्रात तीन-चार वेळा तरी मुलं असा प्रश्न विचारतील की आपल्याला उत्तर येणार नाही. तेव्हा फळ्यावर प्रश्न लिहून ठेवायचा आणि पुढच्या तासाला विचारून आलेलं उत्तर सांगायचं. मुलांना याची सवय झाली की तीही न येणारी गोष्ट लपवत नाहीत.

दुसरं, सगळा डेटा आधीच उतरवून लॅबच्या मशीनवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा. एचबीबीच्या आरएनएची, म्हणजे जनुकावरून निघणाऱ्या नकलेची, नोंद एनएम_०००५१८ या क्रमांकानं एनसीबीआय या अमेरिकी सार्वजनिक डेटाबेसवर मिळते, ती फास्टा, म्हणजे नुसती अक्षरं, आणि जेनबँक, म्हणजे अक्षरांसोबत माहितीही, अशा दोन्ही रूपांत घ्या. ११ वं गुणसूत्र संपूर्ण घ्या. साडेतेरा कोटी अक्षरं आहेत, फाइल दीडशे एमबीच्या आत राहते. ऐन प्रॅक्टिकलला नेट गेलं तर मुलांचे दोन तास वाया जातात, आणि ते तास परत मिळत नाहीत.

भाषा पायथन. बायोपायथन ही असल्या फाइली वाचणारी तयार लायब्ररी पहिले पाच आठवडे वापरू देऊ नका. का, ते पुढे येईलच.

पहिला तास: कागदाच्या पट्ट्या

प्रत्येक जोडीला कागदाची एक पट्टी द्या. त्यावर एवढंच: एटीजी जीटीजी सीएटी सीटीजी एसीटी सीसीटी जीएजी जीएजी एएजी टीसीटी. मोकळ्या जागा न ठेवता, सलग तीस अक्षरं. सोबत ६४ कोडॉनांचा तक्ता. सांगा, तीन-तीनचे गट करा आणि तक्त्यातून अमिनो आम्लं शोधा. दहा मिनिटांत फळ्यावर मेथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक, ग्लुटामिक, लायसिन, सेरिन अशी रांग उभी राहते. मग म्हणा, पहिलं अक्षर खोडा आणि परत करा. सगळंच बदलतं. फ्रेम म्हणजे काय, म्हणजे गट कुठून पाडायला सुरुवात करायची, हे व्याख्येशिवाय कळलं.

मग सातव्या गटातला मधला ए खोडून तिथे टी लिहायला सांगा. ग्लुटामिकचं व्हॅलिन झालं. हाच सिकलसेल. त्याच गटातला शेवटचा जी बदलून ए केला तर? जीएए. तक्त्यात तेही ग्लुटामिकच निघतं, म्हणजे अक्षर बदललं पण प्रथिन तेच राहिलं. मुलं इथे थांबतात आणि एकमेकांकडे बघतात. त्या क्षणी तुम्ही बोलू नका.

एक प्रश्न हमखास येतो: पुस्तकात हा बदल सहाव्या जागी लिहिला आहे, आम्ही मोजला तर सातवा येतो. दोन्ही बरोबर. सुरुवातीचं मेथिओनिन प्रथिन तयार होतानाच कापलं जातं, म्हणून जुन्या लिखाणात सहावं, आणि आजच्या नामपद्धतीत ते मोजतात म्हणून सातवं. मोजणी कुठून सुरू केली हे विचारल्याशिवाय कोणताही आकडा मान्य करायचा नाही. हा नियम फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि सत्र संपेपर्यंत पुसू नका.

दुसरा-तिसरा आठवडा: फाइल वाचणं

हा भाग वरवर सोपा आहे. मुलांना वाटतं, फाइल वाचणं आपण पहिल्या वर्षीच शिकलो. मी सगळ्यांत जास्त वेळ इथे देतो.

काम असं: फास्टा फाइल कोणतीही लायब्ररी न वापरता वाचा आणि आपल्या पट्टीवरची तीस अक्षरं त्यात कुठे आहेत ते सांगा. दहा मिनिटांत पहिला हात वर येतो, "सर, कोड तर बरोबर आहे, पण उत्तर येऊनच नाही राहिलं." फाइलमध्ये दर ७० अक्षरांनंतर ओळ तुटते. आपली तीस अक्षरं ५१ पासून ८० पर्यंत आहेत, म्हणजे नेमकी दोन ओळींवर विभागलेली. ओळींच्या शेवटची अदृश्य चिन्हं काढली की लगेच सापडतं. बायोपायथन पहिल्या दिवशी दिलं असतं तर ही चूक त्यांना कधीच दिसली नसती, आणि पुढे कुठल्याशा नोकरीत वेगळ्याच फाइलवर ती झाली असती.

सापडलेली जागा काय येते? पायथन म्हणतं ५०. जेनबँकची नोंद म्हणते, प्रथिनाचा भाग ५१ ते ४९४. आता नागपुरातला झिरो माइलचा खांब आठवायला सांगा. आपल्याकडे प्रत्येक मुलानं तो खांब पाहिलेला असतो. समजा तिथून निघून दर मैलाला एक दगड लावला. पहिला मैल कुठे आहे? शून्याच्या आणि एकच्या दगडामध्ये. दगड मोजणारे आणि मैल मोजणारे असे दोन लोक असतात. पायथन आणि जनुकांच्या जागा लिहिणाऱ्या बेड फाइली दगड मोजतात, जेनबँक आणि तसल्याच जीएफएफ, व्हीसीएफ फाइली मैल मोजतात. ५१ ते ४९४ हे ४४४ मैल, पण दगडांच्या भाषेत ५० ते ४९४. वजाबाकी केली की लांबी थेट मिळते, हा दगडांचा फायदा. नुसतं "एक वजा करा" असं शिकवलं तर मुलं कधी दोन्ही टोकांतून वजा करतात, कधी एकातूनही नाही.

तिसरा सापळा सगळ्यांत चांगला. आता म्हणा, हीच एचबीबीची अक्षरं ११ व्या गुणसूत्राच्या फाइलमध्ये शोधा. सापडत नाहीत. ओळी जोडल्या, लहान-मोठी लिपी एक केली, तरी नाही. अर्धा तास झगडू द्या. शेवटी कोणीतरी विचारतं, दुसऱ्या धाग्यावर असेल का? हेच उत्तर. फाइलमध्ये डीएनएचा एकच धागा लिहिलेला असतो आणि एचबीबी त्याच्या समोरच्या धाग्यावर, उलट दिशेनं वाचलं जातं. अक्षरं उलटी करा, एच्या जागी टी, जीच्या जागी सी आणि त्याचं उलट करा, मग शोधा. म्हणूनच जो बदल आपण ए चा टी म्हणतो, तो जनुकसंचाच्या, म्हणजे सगळ्या गुणसूत्रांच्या एकत्रित, नोंदीत टी चा ए म्हणून दिसतो.

सगळीच तीस अक्षरं सलग सापडतील. पण ४४४ टाकली तर पुन्हा सापडणार नाहीत, कारण जनुक गुणसूत्रावर सलग नसतं. प्रथिनाचा मजकूर ९२, २२३ आणि १२९ अक्षरांच्या तीन तुकड्यांत आहे आणि मध्ये दोन इंट्रॉन, म्हणजे प्रथिनात न उतरणारे भाग, आहेत. इंट्रॉन ही गोष्ट मी वेगळी शिकवत नाही. मुलं स्वतःच तिच्यावर येऊन आदळतात.

आणि शेवटचा: सिकलसेलच्या त्या एका अक्षराची गुणसूत्रावरची जागा विचारली तर एका गटाला ५२,२७,००२ मिळते आणि इंटरनेटवरून शोधणाऱ्या दुसऱ्याला ५२,४८,२३२. पहिली जनुकसंचाच्या ३८ व्या आवृत्तीतली, दुसरी ३७ व्या. जागा सांगताना आवृत्ती न सांगणं म्हणजे गाव न सांगता घर नंबर सांगणं.

याच आठवड्यात एक छोटी गोष्ट सांगून ठेवा. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये उघडल्या की मार्च१, सेप्ट२ अशी नावं तारखा होऊन बसायची. शेवटी २०२० साली नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली, मार्च१ चं मार्चएफ१ झालं. मुलं हसतात, आणि त्यानंतर फाइल एक्सेलमध्ये उघडताना जपतात.

कात्री

सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं यंत्रानं वाचणं, स्वस्त होण्याआधी सिकलसेलचा बदल कसा ओळखत? एमएसटी-टू नावाचं एक विकर डीएनएला सीसीटी, कोणतंही एक अक्षर, एजीजी अशा ठिकाणीच कापतं. आपल्या पट्टीवर सीसीटीजीएजीजी आहे, म्हणजे कापेल. ए चा टी झाला की सीसीटीजीटीजीजी होतं, कात्री चालत नाही, तुकडा लांब राहतो. १९८२ साली गर्भातल्या बाळाची तपासणी या पद्धतीनं झाली होती. मजकुरात नमुना शोधणारं रेग्युलर एक्स्प्रेशन मुलांना येतंच. एका ओळीचा कोड, आणि तो खऱ्या निदानाची पद्धत आहे हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी मी हे प्रॅक्टिकल कधीच गाळत नाही.

वानखेडे आणि वानखडे

अलाइनमेंटची, म्हणजे दोन क्रम एकमेकांशी जुळवण्याची, सुरुवात आडनावानं करा. आपल्याकडे एकाच घरातल्या दोन भावांच्या कागदपत्रांवर एकाचं वानखेडे, दुसऱ्याचं वानखडे असतं. संगणकानं कसं ओळखायचं की हे एकच? जुळलं तर एक गुण, न जुळलं तर एक वजा, रिकामी जागा सोडली तर दोन वजा.

संगणकाच्या दृष्टीनं वानखेडेमध्ये सात चिन्हं आहेत, कारण काना आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. वानखडेमध्ये सहा. आठ गुणिले सातचा, ५६ घरांचा तक्ता वहीत आखायला लावा आणि हातानं भरायला लावा. उत्तर चार येतं: सहा जुळली, एक जागा रिकामी. नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० साली प्रथिनांसाठी मांडलेली पद्धत ती हीच. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे छोट्या उत्तरांवरून मोठं उत्तर बांधणं, मुलांनी आधी शिकलेलं असतं, पण बहुतेकांनी ते पाठ केलेलं असतं. हातानं ५६ घरं भरल्यावर ते समजतं.

आता मुलांना विचारा, मराठी माणूस हे कसं वाचेल? वा-न-खे-डे आणि वा-न-ख-डे. चार अक्षरं, तीन जुळली, एक वेगळं, गुण दोन. तीच दोन नावं, गुण वेगळे, रिकामी जागासुद्धा नाहीशी झाली, कारण आपण एकक बदललं. डीएनएची अक्षरं जुळवायची की अमिनो आम्लं, हा प्रश्न नेमका असाच आहे. दूरचे नातेवाईक शोधायचे असतील तर अमिनो आम्लं जुळवा, कारण अक्षर बदलूनही अर्थ टिकतो हे पट्टीवर आपण पाहिलंच.

मग अमिनो आम्लांच्या अदलाबदलीला गुण देणारा ब्लोसम ६२ तक्ता आणा. त्यात ग्लुटामिकच्या जागी अ‍ॅस्पार्टिक आलं तर दोन गुण, व्हॅलिन आलं तर दोन वजा. आणि लायसिन आलं तर? एक गुण, अधिक. पण त्याच जागी लायसिन येणं हाही हिमोग्लोबिनचा एक ज्ञात दोष आहे, त्याला हिमोग्लोबिन सी म्हणतात. तक्ता त्याला चांगला बदल म्हणतो. हा तक्ता उत्क्रांतीत कोणते बदल टिकून राहिले ते मोजतो, रोग्याचा त्रास मोजत नाही. गुण म्हणजे कशाचे गुण, हे विचारायची सवय या एका उदाहरणानं लागते.

प्रॅक्टिकलला बीटा साखळी तिच्या नातेवाइकांशी, म्हणजे हिमोग्लोबिनच्या इतर साखळ्यांशी आणि तसल्या प्रथिनांशी, जुळवा. अल्फाशी साम्य चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास. डेल्टाशी १४६ पैकी फक्त दहा जागी फरक. चिंपँझीच्या बीटाशी फरक शून्य. स्नायूंतलं मायोग्लोबिन खूप दूर. या अंतरांवरून वंशवृक्ष काढायला एक तास पुरतो, त्याहून जास्त मी देत नाही. पण विचारतो, फरक शून्य आहे म्हणजे माणूस आणि चिंपँझी एकच का? एका जनुकावरून प्राण्याबद्दल किती बोलावं याची चर्चा त्या प्रश्नावर होते.

सोळा दिवस

मुलांनी लिहिलेला कोड आता मोठ्या कामाला लावा, कागदावरच. ४४४ अक्षरं, मानवी जनुकसंच ३१० कोटींच्या आसपास. घरं किती? सुमारे १ लाख ३८ हजार कोटी. साधा पायथन सेकंदाला दहा लाख घरं भरतो असं धरलं तर जवळपास सोळा दिवस. एका शोधाला. आणि सगळा तक्ता साठवायचा म्हटला तर लॅबमधल्या सगळ्या मशीनची मेमरी मिळूनही पुरणार नाही. हे गणित मुलांकडून करून घ्या, आपण सांगू नका.

त्यानंतर १९९० साली आलेला ब्लास्ट हा झटपट शोधणारा प्रोग्रॅम शिकवा. आधी लहानसे तंतोतंत जुळणारे शब्द शोध, डीएनएसाठी साधारण ११ अक्षरी, आणि तिथूनच दोन्ही बाजूंना वाढव. वेग मिळतो, पण हमी जाते: सुरुवातीचा शब्दच जुळला नाही तर खरा नातेवाईकही सुटतो. हॅश टेबल माहीत असलेली मुलं हे अर्ध्या तासात लिहितात.

एक व्यवहाराची सूचना. वीस मुलं एकाच वेळी एनसीबीआयच्या संकेतस्थळावर ब्लास्ट करायला बसली की कॉलेजच्या एकाच पत्त्यावरून विनंत्यांचा ढीग जातो आणि रांग पुढेच सरकत नाही. प्रोग्रॅममधून डेटा मागवतानाही नोंदणी करून मिळणारा "एपीआय की" हा संकेत नसेल तर सेकंदाला तीनपेक्षा जास्त विनंत्या चालत नाहीत. म्हणून ब्लास्ट लॅबच्या मशीनवर बसवा आणि ग्लोबिन कुळातल्या पन्नासेक क्रमांचा छोटा डेटाबेस स्वतः बनवा. त्याचा दुसरा फायदा: त्याच डेटाबेसात अजून क्रम टाकून तो दुप्पट केला की तोच निकाल, तेच गुण, पण ई-व्हॅल्यू साधारण दुप्पट झालेली दिसते. ई-व्हॅल्यू म्हणजे योगायोगानं एवढे गुण मिळवणारे किती निकाल अपेक्षित आहेत. गवताची गंजी वाढली की सुईसारखी दिसणारी काडीही जास्त सापडणार.

आणि बीटा टाकल्यावर माणसाच्या ग्लोबिनांत दुसऱ्या क्रमांकावर डेल्टा येईल, ९३ टक्के साम्यासह. निम्मी मुलं लिहितील की जनुक सापडलं. ते निराळं जनुक आहे, त्याच्या शेजारीच बसलेलं. साम्य हे निरीक्षण आहे, नातं हा निष्कर्ष आहे.

तुकडे

सिक्वेन्सिंगचं यंत्र गुणसूत्र सलग वाचत नाही, छोटे तुकडे देतं, आणि प्रत्येक अक्षराबरोबर आपली खात्रीही लिहितं. ही खात्री एकेका चिन्हानं लिहिणाऱ्या फास्टक्यू फाइलमधलं प्रश्नचिन्ह घ्या. त्याचा आस्की, म्हणजे संगणकातला, क्रमांक ६३, त्यातून ३३ वजा, उरले ३०. म्हणजे चुकीची शक्यता हजारात एक. वीस उरले तर शंभरात एक, आणि १५० अक्षरांच्या तुकड्यात सरासरी दीड चूक. आपल्याला ज्या आजाराची काळजी आहे तो एका अक्षराचा आहे, हे इथे परत सांगा.

मग हा हिशोब द्या. वाहकाच्या पेशीत एक प्रत ए ची आणि एक टी ची. त्या जागेवरून चारच तुकडे वाचले गेले तर टी एकदाही न दिसण्याची शक्यता किती? सोळात एक. म्हणजे सोळा वाहकांमागे एकाला आपला प्रोग्रॅम निरोगी घोषित करेल. तीस तुकडे असतील तर? मुलं स्वतः काढतात आणि मग खोलवर वाचन कशाला करतात हे त्यांना सांगावं लागत नाही. सत्रातला माझा सर्वांत आवडता गृहपाठ हाच.

तुकडे जोडणं शिकवायला "थेंबे थेंबे तळे साचे" घ्या. जागा काढून टाका आणि दोन-दोन अक्षरांचे एकावर एक चढणारे तुकडे करा. थेंबे, बेथें, पुन्हा थेंबे, बेत, तळे, ळेसा, साचे. वेगवेगळे तुकडे तेवढे ठेवून आलेख काढला की थें आणि बे यांच्यात एक फेरा तयार होतो. त्यात किती वेळा फिरायचं हे तुकड्यांवरून कळत नाही. पुनरावृत्ती तुकड्यापेक्षा लांब असली की असेम्ब्ली, म्हणजे तुकड्यांची जोडणी, अडते, ती याचमुळे. डी ब्रुइन आलेख, म्हणजे हाच तुकड्यांचा आलेख, आणि ऑयलरचा मार्ग, म्हणजे त्यातली प्रत्येक रेघ एकदाच चालणारा रस्ता, यानंतर फळ्यावर येऊ द्या. बरोज-व्हीलर रूपांतर, म्हणजे मोठा मजकूर झटपट शोधता यावा म्हणून अक्षरांची केलेली फेरमांडणी, वेळ असेल तरच घ्या. हुशार मुलांना ते फार आवडतं, पण बाकीच्या वर्गाची वाट चुकते.

मशीन लर्निंगचा आग्रह

तिसऱ्या आठवड्यापासून मुलं विचारू लागतील, डीप लर्निंग कधी? मी बाराव्या आठवड्याआधी घेत नाही, आणि घेतो तेव्हा एकच गोष्ट शिकवतो. ग्लोबिन ओळखणारं मॉडेल बनवा, डेटा नेहमीसारखा शिकण्याच्या आणि परीक्षेच्या भागांत यदृच्छेनं वाटा. अचूकता ९९ च्या घरात जाते, वर्ग खूश. मग विचारा, माणसाचं बीटा शिकण्याच्या डेटात आणि चिंपँझीचं परीक्षेच्या डेटात होतं का? ते दोन्ही तर एकच आहेत. पेपर फुटलेला होता. आता एकेक कूळ पूर्ण बाजूला ठेवून परत वाटा आणि खरी अचूकता बघा. चित्रं ओळखण्याच्या डेटात जे चालून जातं ते इथे चालत नाही, कारण सजीवांचा सगळा डेटा एकमेकांचा नातेवाईक आहे.

प्रोजेक्ट

गट तिघांचा. प्रश्न एका वाक्यात, आणि त्या वाक्यात कोणत्याही सॉफ्टवेअरचं नाव असता कामा नये. "ब्लास्ट वापरून विश्लेषण" हा प्रश्न नव्हे.

नागपुरात प्रश्नांची कमतरता नाही. संत्र्याच्या ग्रीनिंग रोगाचा जिवाणू सिट्रस सिल्ला या किडीमार्फत पसरतो, त्याच्या १६ एस आरएनए जनुकाचे क्रम सार्वजनिक डेटाबेसात आहेत: झाडाच्या स्वतःच्या डीएनएला न चिकटता फक्त या जिवाणूला ओळखेल असा २० अक्षरांचा तुकडा सापडतो का? हा प्रश्न काटोलच्या एका मुलाच्या गटाला मी दिला, तेव्हा त्यानं घरच्या बागेतल्या पिवळ्या पडलेल्या पानांचा फोटो पहिल्या स्लाइडवर लावला. दुसरा प्रश्न, गुलाबी बोंडअळी बीटी कापसातल्या ज्या प्रथिनाला दाद देत नाही त्याच्या वेगवेगळ्या रूपांत फरक कुठे केंद्रित आहे? तिसरा, जन्मानंतर बंद होणारी गॅमा ग्लोबिनची जनुकं बीटापासून किती वेगळी आहेत? गर्भातलं हिमोग्लोबिन ज्यांच्यात जास्त टिकतं त्यांना सिकलसेलचा त्रास कमी होतो, म्हणून हा प्रश्न पुस्तकी नाही.

लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि पर्यावरण अभियांत्रिकीची संस्था नीरी, तिन्ही याच शहरात आहेत. रीतसर पत्र देऊन एकदा तरी मुलांना तिथल्या प्रयोगशाळेत न्या. यंत्रातून फाइल बाहेर येण्याआधी पान कुटणाऱ्या, नळ्यांवर नावं लिहिणाऱ्या माणसाचं काम त्यांनी बघायला हवं. नळीवरचं नाव चुकलं तर पुढचा सगळा कोड बरोबर असूनही उत्तर चूक, हे तिथे उभं राहिल्यावरच पटतं.

गुण कसे द्यावेत

तयार कोड कुठूनही मिळतो, म्हणून कोडला मी कमी गुण देतो. तोंडी परीक्षेत प्रत्येकाच्या फाइलमध्ये मी आधीच एक बिघाड करून ठेवतो: कुठे एक अक्षर काढलेलं, कुठे क्रम उलटा, कुठे मध्येच काही एन, म्हणजे न वाचता आलेली अक्षरं, घुसवलेले. निकाल विचित्र आला हे ओळखलं तर निम्मे गुण, कारण सांगितलं तर पूर्ण. दुरुस्त करता आलं नाही तरी चालतं.

प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एक साधी फाइल हवीच: डेटा कुठून, कोणत्या तारखेला घेतला, कोणती आवृत्ती, कोणता प्रोग्रॅम, कोणत्या क्रमानं चालवायचा. सबमिशनच्या दिवशी मी ते फोल्डर दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाला देतो आणि लॅबच्या मशीनवर बसवतो. गटानं मागे उभं राहायचं, बोलायचं नाही. त्याला अर्ध्या तासात तोच निकाल मिळाला तर उरलेले वीस गुण.